थकवा, तहान, वारंवार लघवी: मधुमेहाची शंका कधी घ्यायची आणि डॉक्टरांकडे कधी जायचं?

मधुमेहाच्या लक्षणांची कुठलीही यादी वाचा, त्यातली निम्मी आपल्यालाच उद्देशून लिहिल्यासारखी वाटतात. थकवा असतो, तहान लागते, रात्री लघवीला उठावं लागतं, चष्म्याचा नंबर बदलल्यासारखा वाटतो. मग काही जण घाबरून रोज बोट टोचत बसतात आणि ९८ चा आकडा १०९ झाला की झोप घालवून घेतात. काही जण ‘वयोमानाप्रमाणे व्हायचंच’ म्हणत वर्षानुवर्षं काढतात.

दोघांची चूक एकच आहे. ‘मला मधुमेह आहे का?’ या प्रश्नाचं उत्तर ते लक्षणांकडे मागतात, आणि लक्षणं ते उत्तर देऊ शकत नाहीत. ते फक्त रक्ततपासणी देते. लक्षणांवरून ठरवायचं ते इतकंच की तपासणी कधी करायची: आज, या आठवड्यात, की सवडीने महिन्याभरात. हा लेख तेवढ्याच निर्णयासाठी आहे.

टाइप २ मधुमेहात, म्हणजे शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही त्या नेहमीच्या प्रकारात, रक्तातली साखर कित्येक वर्षं हळूहळू चढते आणि माणसाला काही जाणवतही नाही. ब्रिटनमध्ये १९७७ साली सुरू झालेल्या यूकेपीडीएस या मोठ्या अभ्यासात नुकतंच निदान झालेले हजारो रुग्ण होते. त्यातल्या जवळपास निम्म्यांच्या डोळ्यांवर, नसांवर किंवा इतर अवयवांवर निदानाच्या वेळीच परिणामाच्या खुणा सापडल्या. त्यामुळे ‘मला त्रास नाही, म्हणजे मला मधुमेह नाही’ हे गणित चालत नाही.

पहिली पायरी: आणीबाणी आहे का ते बघा

पुढचं सगळं वाचण्याआधी हे तपासा. खूप तहान आणि खूप लघवी यांच्या जोडीला उलट्या, पोटदुखी, खोल आणि जलद श्वास, श्वासाला पिकलेल्या फळासारखा किंवा नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास, गुंगी किंवा असंबद्ध बोलणं, यांपैकी काहीही असेल तर घरी थांबू नका. थेट रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा. शरीरात इन्सुलिन फारच कमी पडलं की पेशी साखरेऐवजी चरबी जाळू लागतात, रक्तात कीटोन नावाची आम्लं साठतात आणि काही तासांत प्रकृती ढासळू शकते. याला कीटोअ‍ॅसिडोसिस म्हणतात. अनेकांना टाइप १ मधुमेह (शरीरात इन्सुलिनच बनेनासं होतं तो प्रकार) आहे हे कळतं तेच मुळी या अवस्थेत.

वयस्कर माणसांमध्ये चित्र थोडं वेगळं असतं. कीटोन फारसे नसतात, पण काही दिवस शरीरातलं पाणी कमी होत जातं, साखर ६०० च्या पलीकडे जाते आणि माणूस सुस्त, गोंधळलेला दिसतो. घरच्यांना वाटतं, ताप उतरल्यानंतरचा अशक्तपणा असेल. घरातल्या ग्लुकोमीटरवर आकड्याऐवजी ‘हाय’ असं दिसलं तर साखर यंत्राच्या मोजमापाबाहेर गेली आहे, म्हणजे बहुतेक यंत्रांत ५०० ते ६०० च्या वर. ते यंत्र बिघडल्याचं लक्षण समजू नका.

लहान मुलांबाबत तर शंका आली तरी त्याच दिवशी तपासा, मूल खेळतं-बागडतं असलं तरीही. अंथरुणात लघवी करणं थांबलेलं मूल पुन्हा करू लागलं, सारखं पाणी मागतंय, काही आठवड्यांत बारीक झालंय, चिडचिडं किंवा मलूल झालंय: यात ‘दोन दिवस वाट बघू’ नको. एक खूण विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे. पोट बिघडून उलट्या होत असलेल्या मुलाची लघवी कमी होते. उलट्या होत असूनही, तोंड कोरडं पडलेलं असूनही लघवी भरपूर होत असेल तर ते साधं पोट बिघडणं नसण्याची शक्यता मोठी असते. बोटाच्या थेंबभर रक्ताची तपासणी मिनिटाभरात होते. डॉक्टरांनी ती सुचवली नाही, तर तुम्ही मागा.

दुसरी पायरी: लघवी किती वेळा, यापेक्षा किती होते ते बघा

सगळ्यात जास्त गैरसमज इथेच होतो, म्हणून जरा थांबून समजून घेऊ.

मूत्रपिंडं रक्त गाळताना त्यातली साखर परत शोषून घेतात. रक्तातली साखर साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेली की त्यांना ते झेपत नाही आणि साखर लघवीत उतरते. साखर एकटी जात नाही, सोबत पाणी ओढून नेते. म्हणून लघवीचं प्रमाण वाढतं, शरीर कोरडं पडतं आणि तहान लागते. क्रम लक्षात घ्या: मधुमेहात तहान लघवीच्या मागून येते. आणि यातूनच दुसरी गोष्टही कळते. साखर १८० च्या खाली असेपर्यंत ही दोन्ही ‘प्रसिद्ध’ लक्षणं दिसतच नाहीत, मात्र मधुमेहाचं निदान त्याच्या कितीतरी खाली होऊ शकतं.

आता फरक. दिवसातून पंधरा वेळा जावं लागतं, पण प्रत्येक वेळी थोडीशीच होते, घाई होते, जळजळ होते: हे मूत्रमार्गाचा संसर्ग, अतिसंवेदनशील मूत्राशय किंवा पुरुषांत वाढलेली प्रोस्टेट ग्रंथी यांच्याकडे जास्त बोट दाखवतं. धार बारीक होणं, सुरू व्हायला वेळ लागणं ही प्रोस्टेटची भाषा. मधुमेहाच्या लघवीत प्रत्येक वेळी भरपूर होते, अगदी रात्री उठल्यावरसुद्धा, आणि परत येऊन माणूस पाणी पितो.

अंदाजावर राहू नका, एक दिवस मोजा. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी सोडून द्या. तिथून पुढे दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या लघवीपर्यंत प्रत्येक वेळची मोजपात्रात मोजून वेळेसह लिहून ठेवा. त्या दिवशी पाणी आणि इतर पेयं किती घेतली तेही लिहा. प्रौढ माणसाची दिवसाची लघवी साधारण एक ते दोन लिटर असते. तीन लिटरच्या वर गेली तर प्रमाण नक्कीच जास्त आहे आणि कारण शोधायला हवं. हा कागद डॉक्टरांना ‘मला फार लघवी होते’ या वाक्यापेक्षा कितीतरी जास्त सांगतो. मात्र पहिल्या पायरीतली आणीबाणीची चिन्हं असतील तर मोजण्यात दिवस घालवू नका.

स्वतःला एक प्रश्न प्रामाणिकपणे विचारा: पाणी तहान लागते म्हणून पितो, की रोज अमुक लिटर प्यायचं असं ठरवलं आहे म्हणून? ठरवून चार लिटर पिणाऱ्याला लघवी जास्त होणारच. झोपेतून तहानेने जाग येणं आणि पाणी पिऊनही घसा कोरडाच राहणं, ही खरी तहान.

रात्री उठावं लागण्याची कारणंही बरीच आहेत. झोपण्याआधी घेतलेली पेयं, रक्तदाबासाठीची लघवी वाढवणारी गोळी, पायांवरची सूज, घोरण्यासोबत श्वास अडकण्याचा आजार. हे सगळं डॉक्टरांना सांगण्याजोगं आहे, पण त्यावरून मधुमेह ठरत नाही.

तिसरी पायरी: वजन

प्रयत्न न करता वजन उतरत असेल तर त्याला कमी लेखू नका, विशेषतः भूक चांगली असताना. साखर लघवीवाटे निघून जाते म्हणजे खाल्लेलंच निघून जातं, आणि पेशी उपाशी राहून शरीर स्नायू व चरबी मोडायला लागतं. सहा ते बारा महिन्यांत वजन ५ टक्क्यांहून जास्त आपोआप कमी झालं, म्हणजे ७० किलोच्या माणसाचं साडेतीन किलोपेक्षा अधिक, तर मधुमेहाची शंका असो वा नसो, डॉक्टरांकडे जायलाच हवं. थायरॉइड, क्षयरोग, आतड्यांचे आजार, कर्करोग ही सगळी कारणं या एकाच दाराने येतात. पन्नाशीनंतर अचानक मधुमेह निघाला आणि वजनही उतरत असेल, तर स्वादुपिंड तपासून घ्यायची गरज आहे का, हे डॉक्टरांना जरूर विचारा.

‘मी लठ्ठ नाही, मला कसा होईल?’ असं म्हणणाऱ्यांसाठी: टाइप १ कोणत्याही वयात होतो, चाळिशीतही. सडपातळ प्रौढ माणसाचं वजन काही आठवड्यांत झपाट्याने उतरलं आणि तहान-लघवी वाढली, तर त्याला टाइप २ समजून नुसत्या गोळ्यांवर ठेवणं धोक्याचं ठरू शकतं.

चौथी पायरी: ज्या खुणा कुणी जोडून बघत नाही

मानेच्या मागे, काखेत किंवा जांघेत मखमलीसारखी जाडसर काळपट त्वचा. कितीही घासली तरी ती निघत नाही, कारण तो मळ नसतो. इन्सुलिन असूनही शरीर त्याला नीट दाद देत नाही, याची ती अनेकदा खूण असते. साखर वाढण्याआधीही ती दिसू शकते, म्हणून तिला मी फार मोलाची समजतो.

पुन्हा पुन्हा होणारे संसर्ग: जननेंद्रियांना खाज आणि बुरशी, मूत्रमार्गाचा संसर्ग, गळवं, हिरड्या सुजणं, बरी होता होत नाही अशी जखम. एकदा झालं तर योगायोग. औषधाने बरं होऊन तेच परत परत होत असेल तर साखर तपासा. आश्चर्य म्हणजे अशी माणसं वर्षभर मलमं बदलत राहतात आणि रक्त तपासायचं कुणाला सुचत नाही.

नजर काही दिवस धूसर, काही दिवस बरी. साखर वर-खाली झाली की डोळ्यातल्या भिंगाचा आकार बदलतो आणि नंबर बदलल्यासारखा वाटतो. अशा वेळी आधी साखर तपासा, नवा चष्मा नंतर. मात्र एका डोळ्याची नजर अचानक गेली, पडदा आल्यासारखं झालं किंवा काळे ठिपके एकदम वाढले तर ती वेगळी गोष्ट; तेव्हा त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे.

पायांच्या बोटांपासून सुरू होणाऱ्या मुंग्या, जळजळ किंवा बधिरपणा, दोन्ही पायांत सारखाच आणि रात्री जास्त. एकाच पायात, कमरेपासून खाली उतरणारी कळ असेल तर मणक्याचा विचार आधी होतो. दोन्ही पायांच्या मुंग्यांना बी-१२ ची कमतरता, दारू आणि थायरॉइड हीही नेहमीची कारणं आहेत. याशिवाय खांदा आखडणं आणि पुरुषांमध्ये लैंगिक ताठरता कमी होणं, या दोन तक्रारींमागेही मधुमेह सापडतो. दुसरी तक्रार लाजेपोटी सांगितली जात नाही. ती सांगा.

नुसता थकवा, आणि जेवणाआधीचा थरथराट

केवळ थकवा हे मधुमेहाचं फार कमकुवत लक्षण आहे. त्यामागे कमी झोप, रक्तक्षय, थायरॉइड, नैराश्य, श्वास अडकणारी झोप, एखादं औषध, यांतलं काहीही असू शकतं. थकव्यासाठी रक्त तपासायचंच असेल तर साखरेसोबत हिमोग्लोबिन आणि थायरॉइडही तपासून घ्या, म्हणजे एकाच नमुन्यात बरंच काही कळतं.

जेवायला उशीर झाला की हात थरथरतात, घाम येतो, चिडचिड होते, म्हणून ‘मला शुगर आहे’ असं अनेक जण ठरवून टाकतात. मधुमेहाचं औषध न घेणाऱ्या माणसात हा त्रास बहुधा मधुमेहाचा नसतो. वारंवार होत असेल, शुद्ध हरपल्यासारखं होत असेल, तर त्या क्षणी साखर मोजून तो आकडा डॉक्टरांना दाखवा. गोड जास्त खावंसं वाटणं हेही निदानाच्या दृष्टीने निरुपयोगी आहे.

पाचवी पायरी: तुमचा धोका किती, ते मोजा

तेच लक्षण दोन माणसांत वेगळा अर्थ घेऊन येतं. आई, वडील किंवा भावंडांना मधुमेह, पोटाचा वाढलेला घेर, उच्च रक्तदाब, गरोदरपणात वाढलेली साखर, पीसीओएस (स्त्रियांमधला अंडाशयाचा आणि संप्रेरकांचा विकार), बैठं काम, आणि आधी कधी ‘बॉर्डरवर आहे’ असं सांगितलेला अहवाल: यांतलं काही असेल तर सौम्य लक्षणही तपासणीला पुरेसं समजा. दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांत मधुमेह कमी वजनावर आणि कमी वयात दिसतो, म्हणून ‘फार जाड नाही’ याचा दिलासा त्यांनी तरी घेऊ नये.

औषधांची यादीही बघा. स्टिरॉइड, मग ती गोळी असो वा सांध्यात दिलेलं इंजेक्शन, साखर वाढवतात. काही मानसोपचारातली औषधंही वाढवतात. शंका आली म्हणून ती स्वतःहून बंद करू नका. स्टिरॉइड एकदम थांबवणं धोकादायक असतं.

सहावी पायरी: कधी जायचं?

आणीबाणीची चिन्हं असतील तर आत्ता. मुलांत तहान-लघवी-वजन यांपैकी काही बदललं असेल तर आज. लक्षणं आहेत आणि घरच्या ग्लुकोमीटरवर ३०० च्या वर आकडा आला, तरीही आज.

प्रौढांत भरपूर लघवी आणि खरी तहान असेल, वजन आपोआप उतरत असेल, पायाची जखम भरत नसेल किंवा स्टिरॉइड सुरू असताना ही लक्षणं आली असतील, तर एक-दोन दिवसांत, फार तर या आठवड्यात. गरोदर असाल तर लक्षणांची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा. २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान साखरेची तपासणी तशीही करायची असते.

काळपट मान, मुंग्या, परत परत होणारे संसर्ग, धोक्याच्या घटकांसह थकवा: महिन्याभरात. आणि काहीच त्रास नसेल तरी अमेरिकन डायबिटीस असोसिएशनच्या शिफारशीनुसार वयाच्या ३५ व्या वर्षापासून सगळ्यांनी तपासणी करावी, अहवाल चांगला आला तर किमान दर तीन वर्षांनी पुन्हा. वजन जास्त असून वरचा एखादा धोका असेल तर ३५ ची वाट बघू नये.

सातवी पायरी: कोणती तपासणी, आणि आकडा कसा वाचायचा

निदानासाठी शिरेतून घेतलेलं रक्त प्रयोगशाळेत तपासलं जातं. मधुमेहाच्या सीमारेषा अशा आहेत (१०० मिलिलिटर रक्तामागे मिलिग्रॅममध्ये):

- उपाशीपोटी साखर १२६ किंवा जास्त. १०० ते १२५ म्हणजे मधुमेहपूर्व अवस्था. जागतिक आरोग्य संघटना ती ११० पासून धरते.
- ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायल्यानंतर दोन तासांनी २०० किंवा जास्त. १४० ते १९९ मधुमेहपूर्व.
- एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) ६.५ टक्के किंवा जास्त. ५.७ ते ६.४ मधुमेहपूर्व.
- कोणत्याही वेळची साखर २०० किंवा जास्त, पण सोबत ठळक लक्षणं असतील तरच.

काही देशांत साखर मिलिमोलमध्ये सांगतात. तिथे १२६ म्हणजे ७ आणि २०० म्हणजे ११.१.

ठळक लक्षणं नसतील तर एका आकड्यावर शिक्का बसत नाही. त्याच नमुन्यातल्या दोन वेगळ्या तपासण्या किंवा दोन वेळचे नमुने, असे दोन निकाल सीमेच्या वर लागतात. ताप, मोठा संसर्ग, शस्त्रक्रिया अशा काळात साखर तात्पुरती वाढते, म्हणून त्या दिवसांतला अहवाल बरं झाल्यावर पुन्हा तपासावा.

उपाशीपोटी म्हणजे किमान आठ तास काही न खाता. साधं पाणी चालतं. रात्रपाळी करणाऱ्यांनी घड्याळ न बघता शेवटच्या खाण्यापासून आठ तास मोजावेत. पण लक्षणं जोरात असतील तर ‘उद्या उपाशीपोटी देऊ’ म्हणून एक रात्र घालवू नका, त्याच वेळची साखर तपासा. आणि तपासणीआधी चार दिवस गोड बंद करून ‘चांगला’ अहवाल मिळवण्यात काय हशील? नेहमीसारखं खा, म्हणजे खरं काय ते दिसेल. घरातल्या दुसऱ्या कुणाची गोळी घेऊन बघणं तर अजिबात नको. काही गोळ्यांनी साखर धोकादायकरीत्या खाली जाते.

एचबीए१सी गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवतो, पण तो लाल पेशींवर अवलंबून असतो. लोहाच्या कमतरतेने तो खोटा वाढतो. थॅलेसेमियासारखे हिमोग्लोबिनचे विकार, नुकताच झालेला रक्तस्राव, रक्त चढवणं, गरोदरपण यांत तो फसवतो. हिमोग्लोबिन कमी असेल तर एकट्या एचबीए१सीवर निर्णय घेऊ देऊ नका. तसंच काही आठवड्यांत उद्भवलेल्या टाइप १ मध्ये तो फारसा वाढलेला नसू शकतो.

घरचं ग्लुकोमीटर दिशा दाखवतं, निदान करत नाही. आंतरराष्ट्रीय मानकानुसार १०० च्या वरच्या आकड्यात १५ टक्क्यांपर्यंत फरक चालवून घेतला जातो. म्हणजे खरी साखर १२० असताना यंत्रावर १०२ दिसू शकते किंवा १३८. १२६ च्या अलीकडे की पलीकडे, हा वाद त्यावर मिटत नाही. पण हात धुऊन, मुदतीतली पट्टी वापरून दोनदा २५० आलं तर तो आकडा खरा समजून डॉक्टरांकडे जा. हात धुणं यासाठी की बोटाला लागलेल्या फळाच्या रसानेही आकडा फुगतो. लघवीच्या पट्टीवर साखर दिसली नाही याचा अर्थ मधुमेह नाही असा होत नाही. का, ते दुसऱ्या पायरीत आलंच आहे.

डॉक्टरांसमोर

‘बरं वाटत नाही, शुगर बघा’ यापेक्षा असं सांगा: “तीन आठवड्यांपासून रात्री तीनदा उठतो, प्रत्येक वेळी लघवी भरपूर होते, दोन महिन्यांत वजन चार किलोने उतरलं, आईला मधुमेह होता, आणि मागच्या महिन्यात गुडघ्यात इंजेक्शन घेतलं.” एवढ्यात त्यांना जवळपास सगळं मिळतं. सोबत लघवीचा तक्ता, जुने अहवाल आणि घेत असलेल्या प्रत्येक औषधाचं नाव. घटक माहीत नसलेली औषधं असतील तर ती बाटली किंवा पुडीच न्या. निदान झालं तर मूत्रपिंडं, डोळे, पाय, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल कधी तपासायचं, हे त्याच भेटीत विचारून घ्या.

अहवाल मधुमेहपूर्व निघाला तर दरवर्षी तपासणी, आणि वजन व हालचाल यांबद्दल डॉक्टरांशी नीट बोलणं. या टप्प्यावर मधुमेह लांबवता येतो, अनेकदा टाळताही येतो.

अहवाल स्वच्छ निघाला आणि त्रास तसाच राहिला तर ‘मधुमेह नाही’ एवढ्यावर घरी परतू नका. साखर बरोबर असून लघवी रोज तीन लिटरच्या वर जात असेल तर रक्तातलं कॅल्शियम, पोटॅशियम आणि मूत्रपिंडांचं काम तपासावं लागतं, आणि शरीरातलं पाणी राखणाऱ्या व्हॅसोप्रेसिन या संप्रेरकाचीही चौकशी करावी लागते. त्यासाठीही तो लघवीचा तक्ताच डॉक्टर आधी मागतील.